न उठलेली गांध

भूमितीच्या बाईंचा हात एका परपुरुषाने पहिल्यांदा धरला तो अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात, आणि तोही निळ्या पेनाने आकडे टाकायला. शाळेतली मुलं त्यांना मागून 'फुलबाही' म्हणत. कोपराच्या आतला इसब झाकायला भर उन्हातही बाह्या मनगटापर्यंत. चार स्थळांनी तो हात पाहून 'कळवतो' म्हटलं होतं. टेक्निशियनने पाहिला आणि विचारलं, "झोप लागते का हो नीट?"

बाई तिथेच अर्ध्या गारद झाल्या.

दहा थेंब, दहा टोचण्या, मग पंधरा मिनिटांची वाट. तो बोलत राहिला. कातडीखाली काही पेशी म्हणे हिस्टामिनच्या पुड्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्या अंगावरच्या प्रतिपिंडांनी धुळीचा कण पकडला, की ती आत इशारा देतात – आणि पुड्या फुटतात, खाज सुटते.

"म्हणजे आमची आत्याच," बाई म्हणाल्या. "भडकायला कण कुठलाही चालतो."

दहावा थेंब नुसत्या हिस्टामिनचा. त्याने सगळ्यांनाच गांध उठते. बाईंना उठली नाही.

"खाजेची गोळी आठवडाभर बंद ठेवायची होती ना?"

"अगंबाई... विसरलेच."

"मग चाचणी बाद. पुन्हा या."

हे दोन शब्द बाईंना इतके आवडले, की पुढच्या खेपेला त्यांनी गोळी मुद्दाम घेतली. तिसऱ्या खेपेलाही. रिपोर्ट आला की येणं संपलं. हे सिद्ध करायला भूमिती लागत नव्हती.

तिसऱ्यांदाही हात सपाटच. त्याने तरीही मोजपट्टी लावून पाहिली.

"गोळी?"

"घेतली."

"विसरून?"

"विसरून एकदाच." बाईंचे कान तापले. "नंतर दोन्ही वेळा... आठवणीने. रागावलात?"

त्याने पट्टी खाली ठेवली. "हे रक्त तपासूनही कळतं. त्याला गोळी बंद करावी लागत नाही."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं." तो बाटल्यांची झाकणं उगाच पुन्हा घट्ट करू लागला. "पण रक्त – खालच्या मजल्यावर घेतात."

बाई हसल्या नाहीत, वर्गातली सवय.

"मी खाली जाऊन रक्त देते," त्या उठत म्हणाल्या. "रिपोर्ट मात्र तुम्ही घरी आणून द्यायचा. पत्ता तुमच्या रजिस्टरमध्ये आहे."

"पाठ आहे," तो म्हणाला.