शेवटच्या गाडीची काठी

ही रचलेली गोष्ट नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आत्ताही बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेत. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आणि रात्रबित्र नव्हती. भर दुपारी घडलं... डोक्यावर ऊन असताना.

भाऊजी हायवेच्या दुरुस्तीवर झेंडेवाले. डोंगरातल्या एका वळणावर अर्धा रस्ता खणला होता. उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. खालच्या टोकाला भाऊजी, वरच्या टोकाला लंबू. मधे वळण, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत. मोबाइलला रेंज नाही.

म्हणून काठी.

हातभर लांब, लाल रंगाची. सोडलेल्या गाड्यांतल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात ती द्यायची. काठी दुसऱ्या टोकाला पोचली की रस्ता मोकळा. मगच तिकडच्या गाड्या निघायच्या.

लंबू ताडमाड. धुळीमुळे तोंडाला कायम फडकं. "दादा, ऊन आधी मला लागतं, तेव्हा डब्यातली एक पोळी जास्त मला," असं म्हणून भाऊजींच्या डब्यावर डल्ला मारायचा.

त्या सकाळी मुकादमाने सगळ्यांदेखत लंबूच्या कानाखाली जाळ काढला. आदल्या दिवशी लंबूने गरम डांबराचा डंपर अडवून धरला होता. माल थंड होऊन वाया गेला.

"पुन्हा अडवलं ना याने, तर सरळ अंगावर घाल," मुकादम डंपरवाल्याला म्हणाला.

डंपरवाला हसला. लंबूने ओठावरचं रक्त पुसलं, झेंडा उचलला आणि वर निघून गेला.

दुपारी... वरून गाड्या यायच्या थांबल्या.

काठी आलीच नाही.

भाऊजींकडे रांग वाढत गेली. पुढे माणसांनी खचाखच भरलेली बस, तिच्यामागे कामावरचा रोलर. हॉर्नने कान किटले. एकाने येऊन भाऊजींची गचांडी धरली.

"सोडतोस की हाणू?"

"काठी आल्याशिवाय माझ्या बापालाही सोडणार नाही."

त्याने खरंच हाणलं. भाऊजी जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात वळणावरून एक टेम्पो आला. हळूहळू... ड्रायव्हरने काठी बाहेर काढली.

ओली होती. चिकट. भाऊजींना वाटलं, उन्हाने रंग उतरला असेल.

"तुमच्या उंच माणसाने दिली," टेम्पोवाला म्हणाला. "बोलला काही नाही. नुसतं असं केलं." त्याने तळहात डोक्याच्या वर उंच धरला.

ही त्या दोघांची खूण. सगळ्यात अवजड गाडी आधी सोड.

"एवढा उशीर?"

"वर एक डंपर आडवा उभा होता. कसाबसा बाजूने निघालो. त्याचा ड्रायव्हर खाली बसून चाकं धूत होता."

भर रस्त्यात चाकं? भाऊजींना नवल वाटलं. पण लोक अंगावर यायला लागले होते. त्यांनी बस थोपवली, बसवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि रोलरला हिरवा झेंडा दाखवला.

रोलर वळणाआड गेला.

सगळे हॉर्न एकदम थांबले...

मग तो आवाज झाला.

भाऊजी धावले. डंपरचं तोंड रोलरच्या लोखंडी चाकात घुसून चपटं झालं होतं. रोलरवाला उडी मारून वाचला. डंपरवाला कमरेखाली चेंगरला होता. मागचं गरम डांबर फुटक्या केबिनमधून त्याच्या खांद्यांवर ओघळत होतं. वाफेमुळे कुणाला जवळ जाता येईना. तो बराच वेळ ओरडत होता.

भाऊजी तसेच वर पळाले. "लंबू! ए लंबू!"

लंबू कडेच्या चरीत होता. ओढत नेऊन टाकलेला. डोकं म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन्ही हातांवरून चाक गेलेलं.

डंपरवाला चाकं धूत होता, तेव्हाच लंबू संपलेला होता.

मग टेम्पोवाल्याला काठी कुणी दिली?

त्यानंतर वॉकीटॉकी आले. काठ्या बंद झाल्या. भाऊजी दुसऱ्या वळणावर लागले. मुकादम मात्र तोच.

गेल्या मंगळवारी वरचा नवा झेंडेवाला वॉकीटॉकीवर म्हणाला, "दादा, रस्ता मोकळा. शेवटची निळी कार."

निळी कार आली. आतल्या बाईंनी काच खाली केली. "तुमच्या माणसाने ही द्यायला सांगितली."

लाल काठी. ओली...

आणि बाईंनी तळहात डोक्यावर उंच धरला.

भाऊजींच्या रांगेत पहिलाच लोखंडाने भरलेला ट्रेलर होता. भाऊजींनी लाल झेंडा खाली घेतला नाही. लोक अंगावर आले. कुणीतरी दगड मारला, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत ओघळलं. झेंडा लालच.

थोड्या वेळाने वळणावरून एक जीप सुसाट बाहेर आली. झेंडेवाल्याला न जुमानता घुसलेली.

आत मुकादम होता. भाऊजींना शिवी देऊन निघून गेला.

काल मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही त्याचा जीव वाचवलात."

त्यांनी दाराकडे बघितलं.

"त्याचा वाचवला रे," ते म्हणाले. "पण या वेळी लंबूला मी अडवलं ना."

सोमवारी त्यांना पुन्हा कामावर बोलावलंय. ताई जाऊ नका म्हणून हातापाया पडतेय... आणि भाऊजींसोबत घरी आलेली ती ओली काठी, मी लांब फेकून आलो तरी, आज सकाळी आमच्या दारात होती.