तुलनेचे बारा

एडिनबरोहून परतताना वाटलं होतं, इथे घाणेरडे पिंजरे आणि बेफिकीर माणसं असतील आणि ते सगळं मी बदलेन. चेणे गावाजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत मात्र पिंजरे लख्ख होते, त्यांतलं भाताचं तूस वेळच्या वेळी बदललेलं, आणि फायलीतल्या प्रत्येक कागदावर सही होती. मी २००७च्या जानेवारीत रुजू झाले. पहिले दोन महिने मला कशाचाच राग आला नाही. आता त्याचाच राग येतो.

एक बदल मी केला. उंदीर रात्री जागतात, म्हणून त्यांच्या खोलीतला दिवस उलटा केला. दिवसा काळोख आणि एक लाल बल्ब, रात्री दिवे. त्यांची झोपमोड न करता काम व्हावं, एवढाच हेतू. त्यामुळे जे घडलं ते दुपारी चारला घडलं, आणि तरी काळोखात घडलं.

त्या सकाळी सांधेदुखीच्या नव्या औषधाचा आराखडा घेऊन मी आमचे प्रमुख, डॉक्टर परेश, यांच्याकडे गेले. चोवीस उंदीर, सगळ्यांच्या पायात आधी सांधेसूज आणायची. बारांना औषध, बारा तुलनेसाठी बिनऔषधाचे. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. वजन पाचव्या हिश्शाने घटलं की त्या उंदराचा प्रयोग तिथेच थांबणार.

"बाराच मागव," ते म्हणाले. "तुलनेचे आहेत आपल्याकडे. २००१चे. आकडे तयार आहेत."

"सर, ते मेलेत."

"आकडे नाही ना मेले? तूच सांगत फिरतेस, जनावरं कमी वापरा. बघ, बारा वाचवले तुझे. चल, उद्या सकाळी सही करून दे."

शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी नीरज हसला. "मॅडमचं पुण्य वाढतंय."

सहा वर्षांपूर्वीचे उंदीर, वेगळं खाणं, वेगळी हवा, वेगळा हात. ही तुलना खोटी आहे, हे मला म्हणायचं होतं. दुपारी चारला, २००१च्या नोंदींची मूळ वही बघायला उंदरांच्या खोलीत गेले.

लाल उजेडात शेवंतीबाई पाण्याच्या बाटल्या भरत होत्या. चेण्याच्याच, खोली उघडल्यापासून इथे. वरच्या फळीवर चार रिकामे पिंजरे होते. त्यांनी त्या चारांनाही बाटल्या लावल्या.

"तिथे कोणी नाही, शेवंतीबाई."

"कागदावर हायेत ना, ताई." त्या मागे न वळता म्हणाल्या. "तीन-तीन हायेत एकेकात. पाणी संपतंय त्यांचं."

मी हसणार होते. तेवढ्यात बाटलीच्या नळीतली पोलादी गोळी हलली. टिक… टिक. उंदीर चाटतो तेव्हा होतो, तसाच आवाज. पाण्यात एक बुडबुडा वर चढला. तूस खसखसलं. तीन हलकी पावलं, मग काहीतरी फरफटत गेल्याचा आवाज. सुजलेला पाय उचलवत नाही, तेव्हा असंच चालतात ते. वास आला, ओल्या केसांचा.

"कितीदा मेलेत ते," शेवंतीबाई हळू बोलल्या. "साहेब नवा कागद काढतात, की हे परत येतात. पयल्यांदा बी कुनी थांबवलं न्हाय. पाय भोपळ्यावानी सुजले, तरी शेवटपर्यंत लिवत व्हते…"

"प्रत्येक वेळी… इथेच येतात?"

"मागल्या पावसाळ्यात न्हवते. तीन म्हैने पाणी तसंच. कुठंतरी लांब नेले व्हते. परत आले ते गारठलेले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कागदात बी हायेत का, ताई?"

वही घेऊन मी भाईंदर पश्चिमेला घरी आले. पहिल्या पानावर बारा वजनं होती. २१२, १९८, २०५… पुढचा आकडा वाचायच्या आधीच मला माहीत होता. कपाटातून माझा प्रबंध काढला. मागच्या पावसाळ्यातला, एडिनबरोत लिहिलेला. तुलनेचे आकडे मी छापील निबंधातून घेतले होते. कुठल्या प्रयोगशाळेचे, ते तळटीपेत बारीक अक्षरात होतं. मी कधी नीट वाचलं नव्हतं. बारा वजनं, त्याच क्रमाने. एकही जास्तीचा उंदीर न मारता केलेलं काम म्हणून त्याचं तिथे कौतुक झालं होतं. त्यावरच मला ही नोकरी मिळाली.

आईने जेवायला दोनदा हाक मारली. मी विद्यापीठाला पत्र लिहीत होते.

सकाळी सही न केलेला आराखडा आणि त्या पत्राची प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी शांतपणे वाचलं. "डिग्री परत करतेस? कर. सही नीरज करेल."

नीरजने पेन काढलं. या वेळी तो हसला नाही.

मी उंदरांच्या खोलीत गेले. काल भरलेल्या चारही बाटल्या रिकाम्या होत्या. पहिल्या पिंजऱ्यातल्या तुसात तीन लहान खळगे पडले होते. मी हात घातला. तूस कोमट होतं.

पर्समध्ये रात्रीच लिहिलेला राजीनामा होता. तो मी तिथेच फाडला. नोकरी सोडायची नाही, हे ठरवलं. या वहीतले आकडे जिथे-जिथे गेले तिथे-तिथे, एकेका निबंधामागे, एक पत्र पाठवायचं. पहिलं, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या प्राणी-समितीला, आजच.

शेवंतीबाईंनी भरलेली बाटली पुढे केली. मी ती लावली. हात काढायच्या आत नळीतली गोळी हलली.