पार्सलीच्या पाटीमागे

सूपची वाटी अर्धी उरली होती आणि मास्तर टेबलावर डोकं ठेवून गेले होते.

फौजदारबाई वाटीकडे पाहत राहिल्या. वीस वर्षांच्या नोकरीत मन निबर झालं होतं. मढं पाहून आताशा त्यांना काही होत नसे. सूपवर हिरवा पाला भुरभुरलेला. दिसायला पार्सली, ती विलायती कोथिंबीर. बाईंनी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि लगेच दूर केलं. उंदराच्या बिळासारखा कुबट वास.

"घरात दोघंच, मॅडम. सासरा आणि ही विधवा सून," हवालदार म्हणाला. "काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?"

सून स्टुलावर बसली होती. चेहरा कोरा.

"पाला कोणी घातला?"

"बाबांनीच. जेवायला बसताना स्वतः खुडून आणायचे."

"तुम्ही नाही खाल्ला?"

"मला नाही आवडत."

"सकाळपासून घरी कोण आलं होतं?"

"त्यांचा शिष्य. मी आत होते. तो बागेतून पुदिना घेऊन गेला." ती थांबली. "न्यायचं असेल तर न्या मला."

तिने चपला पायात घालूनच ठेवल्या होत्या.

मागच्या बागेत मास्तरांनी पार्सली आणि तिच्यासारखीच दिसणारी विषारी वनस्पती मुद्दाम शेजारी लावली होती. येईल त्याला पानं चुरगाळून हुंगायला लावायचे. पाट्या पाहुण्यांसाठी, स्वतः मास्तर डोळे मिटूनही झाड ओळखतात, हे गावभर ठाऊक होतं. आज त्या दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती. पाट्यांच्या बुडाशी माती ताजी उकरलेली.

एवढ्यात शिष्य धापा टाकत आला. वनस्पतींच्या नावांच्या इतिहासावरचं पुस्तक तो मास्तरांच्या हाताखाली लिहीत होता.

"पाट्या बदलल्यात कोणीतरी," बाई म्हणाल्या.

"सूनबाईच, दुसरं कोण! हल्ली मास्तर पाटी वाचूनच खुडायचे. फसले बिचारे."

मास्तरांच्या खोलीत जाऊन बाईंनी पुस्तकाचं हस्तलिखित चाळलं, डॉक्टरांना फोन केला आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"ज्याचं नाक शाबूत आहे, त्याला पाटी बदलून कोण फसवेल? ते पान खुडताच कळलं असतं. म्हणजे मास्तरांना वास येत नव्हता, आणि खुन्याला ते माहीत होतं. डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांपूर्वीच्या तापात त्यांची वास घेण्याची शक्ती गेली. मास्तरांनी ते लपवलं; नाकावरच तर त्यांचं नाव होतं. दवाखान्यात सोबत एकच माणूस होता." बाई शिष्याकडे वळल्या. "तुम्ही. आणि मघाशी तुम्हीच म्हणालात, हल्ली पाटी वाचायचे."

"मी कशाला मारू त्यांना?"

"थाइम या झुडपाच्या नावामागची राजकन्या, सेज या पाल्याच्या नावामागची लढाई, सगळं तुम्ही मनाने रचलंत. मास्तरांनी हस्तलिखितावर लाल शाईने लिहिलंय, 'थापा. उद्या प्रकाशकाला कळवतो.'"

शिष्याचं अवसान गळालं. "दहा वर्षं घातली मी त्या पुस्तकात," तो पुटपुटला. "दहा वर्षं."

हवालदार त्याला घेऊन गेला. सून जागची हलली नाही. सुटल्याचा आनंद नाही, की राग नाही.

"म्हणजे दोन महिने बाबांना कसलाच वास येत नव्हता?"

"नाही."

"तरी रोज या दारातून डोकावून म्हणायचे, 'सूनबाई, काय घमघमाट सुटलाय!'"

एवढं बोलली आणि मग ती हमसून हमसून रडू लागली.