हवालदार, मावशी आणि चार थेंब

गोचीड काही प्रेमाचे निरोप घेऊन येत नाहीत. पण हवालदाराच्या कानाच्या आतल्या घडीत ते राखाडी मण्यांसारखे फुगून बसले नसते, तर तो त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गेला नसता. आणि गेला नसता, तर ती त्याला भेटली नसती. पुढे कितीदा तरी त्याने हा विचार उलटसुलट करून पाहिला. न भेटती तर बरे झाले असते, असे दरवेळी मन सांगे, आणि दरवेळी तेच मन ते नाकारी.

हवालदार हा त्याचा म्हातारा कुत्रा. नाव भारदस्त, पण चोर आला असता तर त्याला वाट दाखवायला पुढे गेला असता. मालकही तसाच. चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासण्याचे काम करी. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत खोल पाही, आणि कुणी सहज त्याच्याकडे पाहिले की नजर जमिनीला लावी.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक वेताची टोपली होती. तिच्या फटीतून एक पांढरा पंजा निघाला आणि हवालदाराच्या नाकावर बसला. हवालदार कळवळून मालकाच्या पायांमागे दडला.

“तुमचा कुत्रा भित्रा आहे,” टोपलीवाली म्हणाली.

“नाव हवालदार आहे,” तो म्हणाला, आणि लगेच त्याला वाटले... हे काय बोललो आपण.

ती हसली. “हिचं मावशी. वाघाची मावशी, म्हणून बाबांनी ठेवलंय. मग घाबरला यात नवल नाही.”

“काय होतंय मावशींना?”

“मांजराला अहोजाहो करणारे तुम्ही पहिलेच.” तिने आवाज खाली आणला. “शेपटीखाली तांदळाचे दाणे चिकटलेले दिसतात. आणि ते... हलतात. तुमच्याकडे?”

“गोचीड.”

“म्हणजे तुमचं बाहेरचं, आमचं आतलं. छान जमलं की.”

डॉक्टरांनी मात्र ही वाटणी मोडीत काढली. दार उघडेच होते. त्यांचा जाड आवाज बाहेर ऐकू येत होता. “दाणे नाहीत ते, जंताचे तुकडे आहेत. अंगावर पिसवा असतात. चाटताना एखादी पोटात जाते आणि तिच्या पोटातला जंत हिच्या पोटात मुक्काम करतो. बाहेरच्याचं बोट धरून आतला येतो, बाई. गोळी देतो, पण पिसवा राहिल्या, तर पाहुणा पुन्हा हजर.”

बाहेर पडताना ती म्हणाली, “येते हं.” ते त्याला म्हणाली की हवालदाराला, हे त्याला बराच वेळ उमगले नाही.

ती रफूचे काम करी. दोन गल्ल्यांपलीकडे तिचे आणि वडिलांचे छोटे दुकान होते. वडील अबोल, दिवसाकाठी जे चार शब्द बोलत, ते मावशीशी. मुलीला काही सांगायचे असले तरी मावशीच्या मार्फत सांगत... “मावशी, हिला म्हणावं जेवून घे.”

एका निवांत दुपारी ती टोपली घेऊन चष्म्याच्या दुकानात आली. हातात घडी घातलेला कागद होता.

“हिच्या केसांतून फणी फिरवली, तर हे काळे कण पडले. माती आहे की आणखी काही? तुमच्याकडे भिंग असेल ना?”

“भिंग नको,” तो म्हणाला. त्याने कापसाचा बोळा भिजवला आणि कण त्यावर झटकले. दोन डोकी त्या बोळ्यावर वाकली. तिच्या केसांना इस्त्रीच्या वाफेचा वास होता. कणांभोवती हळूहळू तांबूस वलये पसरू लागली.

“रक्त?”

“मावशींचंच. पिसवांनी पिऊन बाहेर टाकलेलं.”

“इतक्या सुंदर रंगाची इतकी घाण गोष्ट मी पाहिली नव्हती,” ती म्हणाली, आणि बोळा हात लांब करून पाहू लागली.

“तुला जवळचं धूसर दिसतं,” तो बोलून गेला. “म्हणजे... तुम्हाला. चष्मा लागला असावा.”

“लागू दे. आणि ते ‘तुला’ परत घेऊ नकोस. उशिरा का होईना, तोंडातून निघालंय.”

तेव्हापासून दुपारी टोपली येऊ लागली. दाराशेजारच्या कोपऱ्यात ती ठेवली जाई. हवालदार शहाण्यासारखा हातभर अंतर राखून बसे. बाहेर कधी रिमझिम असे, कधी नुसते दमट ऊन. बोलणे पिसवांचे, जंतांचे, बिछाने उकळत्या पाण्यात धुण्याचे... आणि तरी त्याला वाटे, इतके गोड बोलणे जगात दुसरीकडे कुठे चालत नसेल.

“रविवारी घरी ये,” एकदा ती म्हणाली. “बाबांनी सांगितलंय. मावशी ज्याच्या मांडीवर बसेल तो माणूस वाईट नसतो, असं त्यांचं मत आहे.”

“आणि नाही बसली तर?”

“तर मी बसवीन. मावशीची नाही, बाबांची समजूत घालणं अवघड असतं. येते हं.”

रविवारच्या आधी तिला काही द्यावे असे त्याच्या मनात आले. फुले द्यायचे धैर्य नव्हते. पिसवा मात्र अजून हटल्या नव्हत्या. फणीने तिची बोटे दुखत. हवालदाराच्या मानेवर तो दर महिन्याला जे औषध घाली, त्याने गोचीड कसे पटापट गळून पडत; एक महिना चुकला, तेव्हाच ते कानात बसले होते. त्याची एक नवी नळी कपाटात होती. खोक्यावर जबडा वासलेल्या कुत्र्याचे चित्र होते. मावशीसाठी असले चित्र? त्याला ते ओबडधोबड वाटले. त्याने खोका आणि आतला कागद टाकून दिला, नळी काचा पुसायच्या मऊ निळ्या फडक्यात गुंडाळली आणि वरून रेशमी दोरा बांधला.

“हवालदाराकडून मावशींना,” तो म्हणाला. “पण पूर्ण नको. हा एवढा धिप्पाड, त्या चिमुकल्या. चारच थेंब. मानेवर, जिथे जीभ पोचत नाही.”

तिने ती पुडी गालाला लावली. आयुष्यात त्याने कुणाला दिलेली ती पहिली भेट.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. “ही थरथरतेय... कातडी नुसती उडतेय हिची. तोंडाला फेस आलाय. तू ये.” खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला तसेच सोडून तो धावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, वाचली. “हे कुत्र्याचं आहे.”

“चारच थेंब—” तो म्हणाला.

“मांजराला एकसुद्धा चालत नाही. कुत्र्याला हे पचतं, मांजराला विष होतं. खोक्यावर मांजराचं चित्र असतं, लाल फुली मारलेलं. खोका कुठाय?”

ते लाल फुलीचे चित्र त्याने पाहिले होते. वर्षानुवर्षे, दर महिन्याला. इतके पाहिले होते, की ते दिसायचे थांबले होते.

कोमट पाण्याने, साबणाने डॉक्टरांनी मावशीला पुन्हा पुन्हा धुतले. सुया दिल्या. ओल्या केसांत मावशी मुठीएवढी दिसत होती. दिवे लागायच्या सुमारास तिचे वडील आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांना काही सांगावे लागले नाही.

“औषध कुणी घातलं?” वडिलांनी विचारले.

त्याने तोंड उघडले. घशातून आवाज निघण्यापूर्वीच—

“मी,” ती म्हणाली. “मीच आणलं, बाबा. नीट वाचलं नाही.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिले नाही. मावशीला टोपलीत ठेवून त्यांनी झाकण हलकेच लावले, जणू आत वारा लागू नये.

तो रविवार आला तसा गेला. नंतर बऱ्याच दिवसांनी ती दुकानात आली. हात रिकामे होते.

“डोळे तपासायचेत.”

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत त्याने तिच्या नाकावर जड चौकट बसवली. तिच्या हाती अक्षरांचा तक्ता दिला.

“खालची ओळ वाच.”

“नाही दिसत.”

त्याने काच बदलली. “पहिली बरी, की ही?”

“ही.” मग त्याच स्वरात, “बाबा माझ्याशी बोलत नाहीत. बोलायला मध्ये मावशी नाही ना.”

“मी येतो. सगळं सांगतो त्यांना. चूक माझी आहे.”

“मुलीवरचा राग आज ना उद्या ओसरतो रे. परक्यावरचा नाही ओसरत. आणि मी खोटं बोलले हे कळलं, तर त्यांना मीसुद्धा उरणार नाही.”

“मग नको सांगूया. कधीच.”

“तोही विचार केला.” तिने तक्ता मांडीवर ठेवला. “तू घरी येशील. बाबा चहा विचारतील. मावशीचा विषय निघेल. आमच्या घरात दुसरा विषयच नाही. तू खाली बघशील. आणि मला ते खोटं पुन्हा बोलावं लागेल. तू आलास की दरवेळी. एकदा बोलले, कारण...”

“कारण?”

“पुढची काच लाव.”

त्याने लावली.

“आता?”

“आता सगळं स्पष्ट दिसतंय,” ती म्हणाली. ती तक्त्याकडे पाहत नव्हती.

चष्मा तयार झाल्यावर ती न्यायला आली. आरशात न पाहताच तिने तो डोळ्यांवर चढवला. पिशवीतून निळे फडके काढले. धुतलेले, इस्त्री केलेले, आणि एका कडेला उसवले होते तिथे इतके बारीक रफू केलेले, की जागा बोटाने शोधावी लागली असती. तिने ते काउंटरवर ठेवले.

“येते हं,” दारातून ती म्हणाली.

सवयीने म्हणाली. शब्द निघून गेल्यावर ती क्षणभर पायरीवर थांबली, पण तो शब्द दुरुस्त करायला वळली नाही. त्यालाही तो खरा नाही हे ठाऊक होते.

हवालदाराने मात्र तो खरा धरला. अजूनही दुपार झाली की तो दाराशेजारच्या त्या कोपऱ्यापासून शहाण्यासारखा हातभर अंतर राखून बसतो, आणि रस्त्याकडे पाहत राहतो.