गंजाडच्या चढणीवरचा ट्रक

वॉटर पंप बदलायला तसा दीड तास पुरतो. मला त्या दिवशी चार तास लागले, कारण जुना पंप काढून हातात घेतला तेव्हा त्यात काहीच बिघाड दिसेना. तो फिरवून पाहिला, हलवून पाहिला, उन्हात धरून पाहिला. ठणठणीत. तरी नवा बसवला. जतीनशेठला काहीतरी बदललेलं दाखवायला हवं होतं.

दोन हजार सोळाचा मे महिना. तलासरीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज. समुद्राकाठच्या आगर गावच्या जतीनशेठचा जुना सहाचाकी ट्रक चार महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्याकडे आला होता. शेठची आगरला चिकूची वाडी, आणि उन्हाळ्यात गंजाडच्या बाजूने गवताच्या गाठी भरून वापीला पोचवायचा धंदा. ड्रायव्हर टिकत नव्हते, म्हणून दोन-तीन वर्षं तो स्वतःच गाडी चालवायचा. तक्रार एकच होती. गंजाड सोडून हायवेकडे येताना एक चढण लागते. तिथे इंजिनच्या तापमानाचा काटा सरळ लालवर जातो आणि रेडिएटर कोरडा पडतो.

पहिल्यांदा मी रेडिएटर उतरवून आतून साफ केला. दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट, पट्टा, सगळे पाइप बदलले आणि हेड उघडून गॅस्केटही नवी टाकली. ऑइल स्वच्छ होतं, त्यात पाण्याचा अंश नव्हता. धूर पांढरा नव्हता. हवेचा दाब देऊन ठेवला, तो तासभर जागचा हलला नाही. म्हणजे पाणी बाहेर गळत नव्हतं आणि इंजिनात जळतही नव्हतं. मग जात कुठे होतं? तीस वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र शेठला सांगितली नव्हती. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली की आतला आवाज नीट ऐकू येतो. आम्ही मिस्त्री लोक असंच दुखणं शोधतो. या इंजिनात पंपाजवळ एक खरड ऐकू येत होती. खर्र... मग थोडं थांबून पुन्हा खर्र... पंपाचं बेअरिंग असेल म्हणून पंप बदलला. नवा बसवल्यावरही आवाज तसाच. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि पेचकस काढायला गेलो, तर मूठ अजून कानालाच होती.

खर्र...

बंद इंजिनात. मी पेचकस खाली ठेवला आणि हात धुवायला गेलो.

संध्याकाळी शेठ आला. गाडी दोन तास उभ्यावर चालवून दाखवली. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही.

"इथे हलणारच नाही," शेठ म्हणाला. "तुला काम येत नसेल तर तसं सांग, सदू. तीनदा गाडी उघडून बसलायस."

"उद्या भरलेल्या गाडीत मी बरोबर येतो, शेठ. चढणीवर बघू."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काहीतरी मागितलं होतं. "तू कशाला?" मग जरा वेळाने, "ये. पण मी सांगेन तिथेच उतरायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गंजाडहून गवत भरून निघालो. वीस-वीस लिटरचे पाच कॅन पाणी मी पायाशी घेतलं होतं. ऊन असं होतं की समोरचा रस्ता हलताना दिसत होता. साग उघडे पडलेले, खाली वाळक्या पानांचा थर. माणूस नाही, जनावर नाही.  मी काट्यावर नजर लावून बसलो होतो.

चढण लागली. अर्ध्यात एक मोरी आहे. पुढची चाकं मोरीवर आली आणि काटा उठला. चढला म्हणता येणार नाही, कुणी बोटाने ढकलावा तसा सरळ लालवर गेला. त्याच वेळी केबिनमध्ये वास आला. तापलेल्या इंजिनाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. हा तो नव्हता. हा ओल्या मातीचा, शेवाळाचा, गार वास होता. मे महिन्यातल्या भर दुपारी.

गाडी कडेला घेतली. पाऊण तास थांबलो, मग झाकणावर फडकं टाकून हळूच फिरवलं. वाफ आली नाही. आत कोरडं. इंजिन जरा चालू ठेवून पाणी ओतायला लागलो. या गाडीत वीस-बावीस लिटर पाणी मावतं. पहिला कॅन गेला. दुसरा गेला. मी वाकून खाली पाहिलं, लाल धुळीत एक थेंब नव्हता. तिसरा गेला, चौथा गेला. पाचवा ओतताना इंजिन बंद केलं आणि कान रेडिएटरच्या तोंडाशी नेला.

पाणी पडत होतं. खूप खोल. एखाद्या कोरड्या विहिरीत वरून हंडा उपडा करावा, आणि पाणी तळाला आपटायला वेळ लागावा, तसं. पडणं थांबलं, आणि मग... खर्र... खर्र...

"ऐकू नकोस," शेठ मागून म्हणाला.

मी वळलो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुम्हाला माहीत होता हा आवाज?"

"गप."

"मग मला तीनदा इंजिन कशाला उघडायला लावलं, शेठ?"

"गप म्हणालो ना!"

त्याने रिकामा कॅन उचलला आणि मोरीच्या बाजूने उतरणाऱ्या पायवाटेने तो तरातरा निघाला. मी मागे गेलो. खाली पंधरा-वीस घरांचा पाडा होता. पाड्याच्या अलीकडे विहीर. एका बाजूचा कठडा ढासळलेला. आठ-दहा बाया रिकामे हंडे घेऊन सावलीत बसल्या होत्या. आम्हाला पाहून कुणी उठली नाही, कुणी पदरही सावरला नाही. नुसत्या पाहत राहिल्या.

विहिरीतून आवाज येत होता. खर्र... थांबून पुन्हा खर्र...

मी काठावर जाऊन खाली पाहिलं. तळाशी लाल चिखलात एक बाई उकिडवी बसली होती. खडकाच्या फटीतून पाझरणारं पाणी ती स्टीलच्या वाटीने खरडून घेत होती. एक वाटी हंड्यात रिती करायची, पाणी पुन्हा साठेपर्यंत थांबायचं, मग दुसरी. तोच आवाज होता. चार महिने मी तो इंजिनात शोधत होतो.

बाई हंडा घेऊन वर आली. पन्नाशीची असेल. हंडा गळ्यापर्यंत भरलेला. तिने शेठला पाहिलं आणि हंडा खाली ठेवला.

"परत आलास?" ती म्हणाली.

"पाणी पायजे," शेठ म्हणाला.

"नाय."

मी पुढे झालो. "बाय, मी मिस्त्री. तलासरीचा. यांना कसं ओळखता तुम्ही?"

तिचं नाव रखमी. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. सगळं त्याच्या तोंडाकडे पाहत सांगितलं.

"दोन वर्सं झाली. याची गाडी तापली होती मोरीवर. माझी पोरगी, भिकी, पहाटे कोंबडं आरवलं तेव्हापासून खाली बसली होती वाटी घेऊन. दुपारी एक हंडा झाला. ती नको नको म्हणत होती, यानं उचलला आनि नेला. गाडीत ओतला. भिकी परत उतरली खाली. घरात पानी नव्हतं, काय करील? मग वरचे दगड आले."

शेठ म्हणाला, "मी होतो का तिथे तेव्हा? विहीर मी पाडली का?"

"आमी दोन तास दगड काढत होतो," रखमी म्हणाली. "खालून आवाज येत होता. वाटीचा. दगडाखाली पन ती पानी भरत होती... मग थांबला."

 मी ढासळलेल्या कठड्याकडे पाहत राहिलो.

आणि त्याच वेळी शेठने वाकून तिचा हंडा उचलला.

मी त्याचं मनगट धरलं. "शेठ, ठेवा तो. मी हायवेवरून पाणी आणतो. चालत जातो. ठेवा."

त्याने कोपराने मला छातीत ढकललं. मी बायांकडे पाहिलं. इतक्या जणी होत्या, एक जरी आडवी आली असती तरी तो थांबला असता. कुणी हलली नाही. रखमी बाजूला सरकून त्याला वाट देत म्हणाली, "नेऊ दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

वर पोचलो तेव्हा तो हंडा ओतत होता. शंभर लिटर गिळलेला रेडिएटर त्या एका हंड्याने काठोकाठ भरला. थोडं पाणी वरून सांडलंसुद्धा. शेठने झाकण लावलं, गाडी चालू केली. काटा खाली होता, थंडच्या खुणेवर.

"बघ," तो हसला. "मिटलं. चल बस."

मी बसलो. का बसलो ते विचारू नका. तिथे एकटं उभं राहवलं नसतं.

मैलभर गेलो. इंजिन इतकं मऊ चालत होतं की नवी गाडी वाटावी. शेठने प्यायची बाटली तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. मग माझी मागितली, तीही संपवली. जीभ ओठांवरून फिरवत होता, पण ओठ ओले होत नव्हते.

"मिस्त्री, इंजिनचा ताव येतोय का रे आत?"

"नाही, शेठ. काटा खाली आहे."

"मग कसला येतोय..."

मलाही ताव लागत होता. उजव्या बाजूने, त्याच्याकडून. मी गिअरवरच्या त्याच्या हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तापलेल्या सायलेन्सरला चुकून हात लागावा, तसं झालं. माझ्या बोटांवर फोड आले, त्यांचे डाग अजून आहेत. बघा. तो स्टिअरिंगवर कलंडला. मी हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घातली.

डहाणूच्या एका दवाखान्यात त्याला नेलं. तापमापीचा पारा शेवटच्या आकड्यापर्यंत गेला. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, उष्माघाताचे उपचार लागू पडेनात. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या लावल्या, अंग कोरडंच. घाम नाही, लघवी नाही, सूज नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच्या बायकोला, निलमवहिनींना, समजावत होते, मी बाजूला उभा होतो. "सगळं तपासलं. पाणी आत जातंय, पण कुठे जातंय ते कळत नाही."  त्या ट्रकसमोर उभं राहून मी स्वतःशी हेच म्हणालो होतो.

मी घरी आलो, वीस लिटरचे दहा कॅन आणि रखमीचा हंडा घेऊन टेम्पोने पाड्यावर गेलो. हंडा धुऊन, भरून तिच्यासमोर ठेवला. तिने तो पायाने आडवा केला. पाणी तापल्या मातीत शिरलं.

"तू नाय नेला," ती म्हणाली. "तू कशाला भरतोस?"

बाविसाव्या दिवशी शेठचा ताप आपोआप उतरला. त्याला आगरला घरी नेलं. ट्रक विकायचा म्हणून आजही माझ्याकडे उभा आहे. मागे दोघांनी चालवून पाहिला, चढणीवरही नेला, काटा जागचा हलत नाही. तरी घ्यायला कुणी तयार नाही आणि कारण कुणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात निलमवहिनींचा फोन आला. आवाज इतका खाली होता की मला गॅरेजमधला कॉम्प्रेसर बंद करावा लागला.

"सदूभाऊ, तुम्ही होता ना तेव्हा यांच्याबरोबर? एक विचारायचं होतं... हे सकाळी उठतात तेव्हा नखांत माती असते. लाल, ओली. आमच्याकडे तर सगळी रेती आहे. आठ नखं गेली, सदूभाऊ. मुळापासून. यांना विचारलं तर म्हणतात, दुखत नाही."

मी म्हणालो, "वहिनी, झोपेत बाहेर जात असतील. दाराला कडी लावत जा."



"कडी मीच लावते," त्या म्हणाल्या. "बाहेरून. ती सकाळी तशीच असते."