काळ्या राजासमोरचं रिकामं घर

“काका, मुलगी समोर बसली की तुमचे राजे घाबरतात का हो?”

हे विचारायची लीलाची छाती नाही, अशी तिच्या मैत्रिणींची, तुळसा आणि कमळा यांची, पैज होती. लीलानं चिंतामणी बापटांच्या भरल्या ओटीवर, खणखणीत आवाजात विचारलं! मागे उभ्या तिसऱ्या मैत्रिणीनं, गोदानं, डोळेच मिटून घेतले.

चिंतामणीकाका आंब्याचे बागायतदार, पण जीव सगळा खेळांत. “अधिक महिन्यात लोक पुण्य जमवतात, मी पट जमवतो,” असं ते म्हणत. महिनाभर त्यांच्या ओटीवर रोज नवा खेळ रंगला होता. मुरुडहून सोंगट्यांचा जरीचा पट आला, मग वाघ-बकरीची पाटी आली, आणि परवाच हस्तिदंती बुद्धिबळ आलं होतं.

काका खो खो हसले. “घाबरतात का ते बघूच. काशीराम, बस हिच्यासमोर.”

काशीराम म्हणजे काकांचा मुंबईचा पुतण्या. गिरगावातल्या क्लबात तो इंग्रजी पद्धतीनं खेळायला शिकला होता आणि लीलाही त्याच पद्धतीनं खेळली. तिनं दोन्ही घोडे झपाट्यानं पुढे काढले आणि दिवेलागणीआधी त्याच्यावर मात केली.

“उद्या महिन्याचा शेवटचा डाव,” काका म्हणाले. “लीला आणि आप्पा दामले!”

आप्पा निवृत्त मास्तर. देशी बुद्धिबळात त्यांना गावात कुणी हरवलं नव्हतं. “पोरीशी खेळायला मला तयारी नको,” म्हणत त्यांनी खुंटीवरची पगडी उचलली. लीलानं मोहरे पेटीत भरले. काका मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा जुना पट, आणायला लांज्याच्या मोटारीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीला आणि गोदा पोचल्या, तर ओटीवर चिडीचूप.

“पांढरा वजीर गेला,” नुकतेच परतलेले काका म्हणाले. “मोहरे पेटीतून काढून पटावर मांडलेत, आणि वजीर गायब.”

“पेटी शेवटी कुणाच्या हातात होती?” आप्पांनी उपरण्यानं मान पुसत विचारलं. “मुलींना ओटीवर घ्या अजून!”

लीलाचे कान तापले. काका मान खाली घालून म्हणाले, “लीले, वजीर सापडला नाही तर आजचा डाव नाही. आणि लोक बोलायला लागले, तर पुढे तुला इथे बसवणं मला जमायचं नाही.”

“मीच शोधते!”

“अगं, आपल्यावरच आळ आहे ना?” गोदा कुजबुजली.

“म्हणूनच तर! आधी पट बघ. काय दिसतं?”

गोदानं वाकून पाहिलं. “पांढरे दोन्ही घोडे पुढे आलेत. काल तुझे आले होते तसेच की गं! पांढऱ्या राजासमोर काळा वजीर. काळ्या राजासमोर रिकामं घर, तिथलाच वजीर गेला.”

“कालच्या डावात राजासमोर कोण होतं?”

“राजाच. पण त्याचं काय?”

 लीला घरगडी धाकूकडे वळली.

“केर काढला गो बाय, पण त्या बाहुल्यांना हात नाय लावला,” धाकू म्हणाला. “त्यातला घोडा तेवढा मी ओळखतो. सकाळी आप्पा फुलं न्यायला आले, ते रोजच येतात. दुसरं कोण नाय.”

काशीराम जांभई देत होता. “मी उठलो तोच जेवायला. आणि काल हरलेला डाव सकाळी उठून पुन्हा कोण बघतो?”

“आप्पा, तुम्ही?”

“फुलं तोडली, घरी गेलो. मला काय विचारतेस?” आप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांच्या पगडीची खुंटी रिकामी होती.

लीला मधोमध उभी राहिली. आवाज अगदी स्वच्छ निघाला.

“काका, चोराला वजीर विकायचा असता तर त्यानं तो पेटीतून उचलला असता. इथे सगळे मोहरे मांडलेत, तेही माझ्या कालच्या डावासारखे. म्हणजे मी कशी खेळते ते कुणाला तरी शिकायचं होतं.”

“मग काशीरामच!” गोदा ओरडली.

“नाही. काशीराम राजासमोर राजा मांडतो. इथे राजासमोर वजीर आहे, ही देशी मांडणी. डाव माझा आठवला, पण हात आपल्या सवयीनं गेला! धाकूला मोहरे ओळखता येत नाहीत. या घरात देशी खेळणारे दोघेच, काका आणि आप्पा. काका लांज्याला होते. उरले आप्पा.”

“पुरावा?” आप्पा गरजले.

“रोज ओटीवर आलात की पगडी खुंटीवर जाते. आज घामानं भिजलात, तरी डोक्यावर का?”

सगळ्यांच्या नजरा पगडीकडे वळल्या. मग आप्पांनी हळूच पगडी काढली. आत पांढरा वजीर आडवा झोपला होता!

“चार वेळा मांडून पाहिलं,” आप्पा पुटपुटले. “तुझ्या घोड्यांना उत्तरच सापडेना. पोरीकडून हरलो तर जुने विद्यार्थी काय म्हणतील… डाव मोडावा एवढंच मनात होतं.”

“आणि नाव माझं लागलं असतं, आप्पा!”

“चुकलो, पोरी.” ते सगळ्यांदेखत म्हणाले.

काका संतापून काही बोलणार, तेवढ्यात लीलानं वजीर रिकाम्या घरात ठेवला. “बसा आप्पा. आज तुमच्या देशी पद्धतीनं खेळू.”

डाव अटीतटीचा झाला. आप्पा उगाच नव्हते नावाजलेले! लीलाचा वजीर गेला, एक घोडा गेला. पण शेवटी तिनं आप्पांच्या राजाला कोपऱ्यात रेटलं आणि साधं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

“प्याद्यानं मात!” काका उठून उभेच राहिले. देशी खेळात याहून मोठा मान नाही. टाळी पहिली वाजवली ती आप्पांनी.

“नाताळात मुंबईला सामने आहेत,” काशीराम म्हणाला. “अशी मात तिथेही कुणी बघितली नसेल.”

लीला घरापर्यंत धावतच गेली. आई भात उकरत होती, बाबा पाटावर बसत होते.

“आई, बाबा,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली, “नाताळात मी मुंबईला बुद्धिबळ खेळायला जाणार. मुलींचे सामने वेगळे नसतील तर बाप्यांशी खेळेन. सोबत कोण येणार, तेवढं तुम्ही ठरवा!”