तिसरा खांदा

मनस्वी, आधी तो मोबाईल उलटा ठेव. आणि संघर्ष, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मधे हसलास तर उठून जाईन मी. हे ऐकीव नाय. शिरवण्याच्या चाळीत माझ्या शेजारी राहतो तो सयाजी, साताऱ्याकडचा, त्याच्यावर ओढवलेलं सांगतोय.

सयाजी मुंबईत जमिनीखालच्या मेट्रोत रात्रपाळीचा मुकादम. शेवटची गाडी गेली की बोगद्यातला करंट बंद करतात आणि माणसं आत जाऊन रूळ तपासतात. ती बाहेर आली की सयाजीनं फोन करायचा, "सगळे बाहेर." मग करंट सुरू, पहाटेची गाडी सुरू.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. आत तिघं गेलेले. धनेश, कोंडिबा आणि सयाजीचा मेव्हणा इंद्रजित. पोराचा पहिलाच आठवडा. घरातून निघताना सयाजीची बायको राजनंदिनी म्हणालेली, "माझ्या भावाला सांभाळून आणा, बाकी काय नको मला."

पावणेचारला तिघं परतले. डोक्यावरच्या बॅटऱ्यांनी डोळे दिपतात, तोंडं दिसत नाहीत. म्हणून सयाजीची सवय, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजायचं. एक. दोन. तीन.

तिसरा खांदा ओला होता.

बोगदा तर कोरडा ठणठणीत. सयाजीनं फोन लावला, ओला हात तोंडावरून फिरवला. खारट लागला. समुद्राचं पाणी.

"इंद्रा, भिजलास कुठं रं?"

...

वळून बघतो तर दोघंच उभे.

"इंद्रजित कुठाय?"

धनेश म्हणाला, "आमच्या मागंच होता की. पावलं वाजत होती..."

फोनवर माणूस विचारतोय, "सगळे बाहेर ना? करंट सोडू?"

सयाजी "थांबा," एवढंच म्हणाला. आणि आत पळाला.

खूप आत... रुळावर... बॅटरी विझवून इंद्रजित बसलेला. डोळे उघडे.

"ऊठ."

"दाजी... तुमीच म्हणालात ना, बस इथं. खांद्यावर हात ठेवून..."

सयाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं. त्याला पुढं घातलं. आपण मागं. आपल्या मागं कुणी नव्हतं, असं तो अजून शपथेवर सांगतो. वळून मात्र बघितलं नाही त्यानं.

पोरगं वाचलं. आता मार्केटात कामाला जातं, उजेडात.

पण त्या सकाळी राजनंदिनीनं सयाजीचा शर्ट धुतला. दोरीवर वाळला, तर उजव्या खांद्यावर मिठाचा पांढरा पंजा. पुन्हा धुतला. वाळला की पुन्हा पंजा. मी स्वतः बघितलाय.

बोटं पुढच्या बाजूला आहेत. म्हणजे हात ठेवणारा मागं होता.